दोर्नाकलचा कारभारी

लहान मंडळीविषयी बोलणे निघाले की ते बहुधा उणिवांपासून सुरू होते. घरे थोडी, वर्गणी थकलेली, मंदिराचे छप्पर दुरुस्तीला आलेले, शिकलेली मुले नोकरीनिमित्त परगावी गेलेली. वार्षिक सभेचा अहवाल उघडावा तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत काय नाही याचीच नोंद. ज्या देवसेवकाचे चरित्र आम्ही या वेळी वाचकांपुढे ठेवीत आहोत, त्याच्या हाती आलेल्या मंडळ्या आपल्या बहुतेक मंडळ्यांपेक्षा पुष्कळच गरीब होत्या. त्यांतील बहुतेकांना स्वतःची जमीन नव्हती, अक्षरओळख नव्हती, आणि गावाच्या विहिरीवर पाय ठेवण्याचीही मोकळीक नव्हती. अशा मंडळ्यांपाशी काय आहे हे शोधण्यात त्याने आयुष्याची शेवटची पस्तीस वर्षे घालविली.

हा देवसेवक म्हणजे दोर्नाकलचे बिशप वेदनायगम सॅम्युएल अझरया. अँग्लिकन मंडळीतील पहिले भारतीय बिशप म्हणून त्यांचे नाव आपल्या शब्बाथ शाळांतील मुलांनाही पाठ असते. पण बिशप होऊन त्यांनी काय केले हे विचारले तर उत्तर येत नाही. आम्हाला सांगायचे आहे ते त्याविषयीच.

अझरया यांचा जन्म १७ ऑगस्ट १८७४ रोजी दक्षिणेतील तिरुनेलवेली भागात, वेल्लालनविळै नावाच्या खेड्यात झाला. वडील थॉमस वेदनायगम हे हिंदू घराण्यातून ख्रिस्ती झालेले, पुढे खेड्यातच पाळक होते. हा मुलगा पुष्कळ वर्षांच्या प्रार्थनेनंतर झाला म्हणून त्याचे नाव शमुवेलावरून ठेवले. वडील लवकर वारले. मातेने मुलाला शिस्तीत वाढविले, आणि तिची ती शिस्त त्याच्या अंगी शेवटपर्यंत राहिली. मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजात ते शिकले, परंतु ऐन परीक्षेच्या वेळी आजारी पडल्याने पदवी काही मिळाली नाही. ती त्यांनी पुढेही मिळविली नाही. १८९५ साली ते वाय. एम. सी. ए. चे सेक्रेटरी झाले आणि दक्षिण भारतभर फिरू लागले. १८९८ साली अन्बू मरियम्माळ यांच्याशी त्यांचे लग्न झाले. या बाई कॉलेजपर्यंत शिकलेल्या होत्या. त्या काळी त्या भागात ही मोठीच गोष्ट. लग्नात हुंडा घेतला नाही. पुढे दोर्नाकलच्या स्त्रियांमधील सर्व काम त्यांनी उभे केले. त्यांच्यावाचून हे चरित्र अर्धेच राहिले असते.

तिरुनेलवेलीची मंडळी त्या काळी सबंध भारतात नावाजलेली होती. हजारो ख्रिस्ती कुटुंबे, दगडी मंदिरे, शाळा, स्वतःचे पाळक, सर्व काही होते. अझरयांनाही तिचा अभिमान होता. १९०२ साली ते सिलोनमध्ये जाफना येथे गेले. जाफन्याची तमिळ मंडळी त्यांच्या मंडळीच्या मानाने लहान. परंतु तेथील ख्रिस्ती लोक आपल्या पदरच्या पैशाने आपलीच माणसे दूरच्या जागी सुवार्तेसाठी पाठवीत होते. एवढ्या मोठ्या तिरुनेलवेली मंडळीने आजवर एकही मिशनरी बाहेर पाठविलेला नव्हता. ही गोष्ट अझरयांच्या मनाला फार लागली. आपल्या मंडळीने शंभर वर्षे घेतले, पण दिले काय, असा हिशेब ते मांडू लागले.

परत आल्यावर त्यांनी वेळ दवडला नाही. १२ फेब्रुवारी १९०३ रोजी पाळयंकोट्टै येथे तिरुनेलवेलीची इंडियन मिशनरी सोसायटी स्थापन झाली. माणसे भारतीय, पैसा भारतीय आणि कारभारही भारतीयांच्याच हाती, असा तिचा बाणा होता. पैसा कोठून आला? धनिकांच्या मोठ्या देणग्यांवर ती उभी राहिली नाही. दक्षिणेतील ख्रिस्ती घरांत पूर्वीपासून एक रीत होती. गृहिणी रोज भात रांधण्यापूर्वी मूठभर तांदूळ बाजूच्या मडक्यात टाकी आणि साठलेले तांदूळ मंडळीला देई. आपल्याकडील काही मंडळ्यांतही जुन्या बायांना ही रीत आठवत असेल. घरची माणसे अर्धपोटी असली तरी मूठ काढता येते, आणि मुठी पुष्कळ झाल्या की त्यांवर एक मिशनरी कुटुंब जगते. १९०५ च्या नाताळच्या दिवशी श्रीरामपूर येथे, डॉ. केरी यांच्या ग्रंथालयात, सर्व भारतासाठी नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली. तिच्यामागेही अझरया आणि के. टी. पॉल यांच्यासारखी तरुण मंडळी होती, आणि तिचा बाणाही तोच होता.

सोसायटीने कामासाठी जागा निवडली ती दोर्नाकल. निजामाच्या हैदराबाद संस्थानातले हे एक रेल्वे जंक्शन. सध्या ते तेलंगणातील महबूबाबाद जिल्ह्यात येते. (याच संस्थानाच्या मराठी मुलखात, जालन्याजवळ, रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी आदल्या शतकात बेथेल वसविले होते, हे आमच्या वाचकांना ठाऊक असेलच.) तिरुनेलवेलीच्या तमिळ माणसाला हा परदेशच. भाषा तेलुगू, अन्न वेगळे, हवा वेगळी. आधी सोसायटीचे सेवक तेथे गेले. मग अझरयांना वाटू लागले की आपण सभांतून लोकांना जा म्हणून सांगतो आणि स्वतः मात्र मद्रासेत राहतो, हे ठीक नाही. १९०९ साली सेक्रेटरीपद सोडून त्यांनी दीक्षा घेतली आणि ते बायकामुलांसह दोर्नाकलला गेले. तेव्हा त्यांचे वय पस्तीस. त्या वयात ते तेलुगूची मुळाक्षरे गिरवू लागले.

पुढच्याच वर्षी, १९१० साली, एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेत त्यांचे ते प्रसिद्ध भाषण झाले. मिशनरींनी भारतासाठी केलेल्या त्यागाबद्दल त्यांनी आभार मानले, पण आता आम्हाला तुमची मैत्री हवी, असे स्पष्ट मागितले. मिशनरी आणि भारतीय सेवक एका पंक्तीला बसत नाहीत, हे त्यांनी त्या हजाराहून अधिक लोकांसमोर उघड बोलून दाखविले. काहींना ते फार झोंबले. आम्हाला या भाषणाचे महत्त्व वाटते ते एका वेगळ्या कारणाने. ज्याचा पगार दुसऱ्याच्या पैशातून येतो त्याला मैत्री मागणे जड जाते. अझरया मैत्री मागू शकले, कारण त्यांच्यामागे तिरुनेलवेलीच्या बायांनी काढलेले तांदूळ होते.

२९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्याच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. ती सहज मिळाली असे नव्हे. मद्रासचे बिशप व्हाइटहेड यांनी नेट धरला म्हणून ती मिळाली. भारतीय माणसाच्या हाताखाली युरोपीय मिशनरी कसे काम करतील, ही शंका अनेकांनी घेतली. खुद्द भारतीय ख्रिस्ती लोकांतही जातीच्या अभिमानापायी विरोध करणारे होते. त्यांना दिलेला प्रांतही आरंभी अगदी लहान होता. काहींना त्यात मोठेसे काही दिसले नाही. पुढे कृष्णा नदीच्या परिसरातील इतर तेलुगू मंडळ्या त्यास जोडल्या गेल्या आणि तो वाढत गेला.

आता त्या मंडळ्यांकडे वळू. दोर्नाकल भागातील ख्रिस्ती लोक बहुतांशी माला आणि मादिगा या अस्पृश्य मानलेल्या जातींतून आलेले होते. दुसऱ्याच्या शेतात राबावे, मिळेल ते धान्य मजुरी म्हणून घ्यावे, सावकाराचे देणे पिढ्यान्‌पिढ्या फेडावे, असा त्यांचा क्रम. एका गावात ख्रिस्ती घरे किती, तर दहा, पंधरा, वीस. मंदिर म्हणजे मातीच्या भिंतींची एक झोपडी, तीच दिवसा शाळा. अशा शेकडो वस्त्या.

येथे एक खरा प्रश्न होता, आणि तो आजही सुटलेला नाही. ज्याच्या घरी संध्याकाळच्या भाकरीची भ्रांत आहे त्याच्याकडून देवाच्या नावाने काही मागावे काय? दयाळू मिशनरींपैकी पुष्कळांचे उत्तर होते की मागू नये. आधी यांचे पोट भरू द्या, यांना शिकू द्या, मग दानाचे पाहू. हे उत्तर कोमल मनाचे आहे, आणि आम्हीही ते सहज झिडकारू धजणार नाही. अझरयांनी मात्र ते मानले नाही. त्यांचे म्हणणे असे की, गरिबाकडून काही न मागणे म्हणजे तो देवाच्या घरातही भिकारीच आहे असे ठरविणे. गावाने त्याला आजवर हेच सांगितले होते की तुझ्या हाताचा स्पर्श झालेली वस्तू कोणी घेणार नाही. मंडळीने प्रथम जर काही सांगायचे असेल तर ते हे की, देव तुझ्या हातून घेतो. सारफथच्या विधवेजवळ मूठभर पीठच होते, आणि मासेदोनियाच्या मंडळ्यांनी तर कंगाल असतानाच दिले, ही उदाहरणे पवित्र शास्त्रात उगाच आलेली नाहीत.

म्हणून दोर्नाकलमध्ये दानाचे शिक्षण पुढच्या काळावर ढकलले गेले नाही. नव्याने येणाऱ्यांना प्रभूची प्रार्थना, आज्ञा आणि शास्त्रातील गोष्टी तोंडपाठ करून घेतल्या जात, आणि त्याबरोबरच देणेही शिकविले जाई. पैसा नसेल तर वस्तू चाले. कोणी अंडी आणी, कोणी कोंबडी, कोणी भोपळा, कोणी मापभर ज्वारी. कापणीच्या उपकारस्तुतीला तर वेदीपुढे धान्याच्या पाट्या आणि शेळ्या-कोंबड्या यांची गर्दी होई. उपासनेत मध्येच एखादी शेळी ओरडली तर कोणाला त्यात काही वावगे वाटत नसे. आपल्या मंडळ्यांतही अशा वस्तूंचा लिलाव होतो, पण आपण तो पुष्कळदा उपासनेनंतरची गंमत समजतो. तेथे ती उपासनाच होती.

एक गोष्ट लक्षात घ्यावी. अझरया दानाला मंडळीचा खर्च भागविण्याचे साधन मानीत नसत. खर्च भागला तर थांबावे आणि तूट आली तर मागावे, ही रीत त्यांना मुळीच पसंत नव्हती. मनुष्यापाशी जे आहे ते त्याचे नाही, तो त्याचा कारभारी आहे, आणि कारभाऱ्याने हिशेब द्यायचा असतो, हे त्यांच्या शिकवणीचे मूळ. या विषयावर त्यांनी ख्रिस्ती दानाविषयीचे एक लहानसे इंग्रजी पुस्तक लिहिले. जुन्या करारातील दशमांश व प्रथमफळ यांपासून पौलाच्या पत्रांपर्यंत सर्व वचने त्यांनी तपासली. गरिबांमध्ये पुष्कळ वर्षे काम केलेल्या माणसाचा अनुभव त्या पुस्तकामागे आहे.

धान्याखेरीज या लोकांपाशी आणखी काय होते? अझरयांनी ते बारकाईने पाहिले. त्यांना गाता येत होते. तेलुगू चालीवरची गाणी एकदा ऐकली की सबंध वस्तीला पाठ होत. म्हणून परदेशी चालींचा हट्ट त्यांनी धरला नाही. शास्त्रातील गोष्टी गाण्यांतून आणि नाट्यप्रवेशांतून सांगण्यास उत्तेजन दिले. वाचता न येणारी बाई वीस गोष्टी गाऊन दाखवू शके. शब्बाथ शाळेच्या ज्या शिक्षकांजवळ चित्रेही नाहीत आणि पुस्तकेही नाहीत, त्यांनी याचा विचार करावा. लोकांना सण आणि जत्रा आवडत होत्या, म्हणून ख्रिस्ती सणही त्याच थाटाने, गावोगावच्या लोकांना एकत्र आणून साजरे होऊ लागले.

त्यांच्याजवळ तोंड होते आणि शेजारी होता. वर्षातून एक आठवडा साक्षीसाठी ठरविलेला असे. त्या आठवड्यात पाळक किंवा शिक्षक यांच्यावर भार न टाकता प्रत्येक बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाने शेजाऱ्यापाशी जाऊन आपल्या प्रभूविषयी बोलायचे. बिशपसाहेब मंडळीला स्वतःच्या डोक्यावर हात ठेवायला लावीत, म्हणजे जेथे बाप्तिस्म्याचे पाणी पडले तेथे, आणि पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायातील शब्द म्हणवून घेत, की आपण सुवार्ता सांगितली नाही तर आपली केवढी दुर्दशा होणार! वीस घरांच्या मंडळीत चाळीस-पन्नास सुवार्तिक असतात, असा हा हिशेब होता.

आणि त्यांच्याजवळ बदललेले आयुष्य होते. दारू सुटली, मृत जनावराचे मांस सुटले, घर-अंगण झाडलेले दिसू लागले, भांडणे कमी झाली. गावातील इतर जातींचे शेतकरी हे रोज पाहत होते. १९३० च्या सुमारास त्या जातींतील लोकही मंडळीत येऊ लागले. डॉ. पिकेट यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या सामुदायिक धर्मांतरांवरील पाहणीत या घडामोडीची दखल घेतलेली आहे. ज्यांना गावाने शिवायचे नाही असे ठरविले होते, त्यांचेच वागणे पाहून गाव देवाच्या घरात येत होता. एखाद्या मोठ्या शहरातील शिकल्या-सवरल्या मंडळीला हे साधले असते काय, याची आम्हाला शंका आहे.

सेवकांविषयीही त्यांचे धोरण हेच होते. खेड्यातील मुलगा निवडावा, त्याला त्याच्या भाषेत शिकवावे, पत्नीलाही सोबत शिकवावे, आणि परत खेड्यात पाठवावे. इंग्रजी आले नाही म्हणून दीक्षा अडली नाही. राहणी खेड्यासारखीच ठेवली, म्हणजे परत गेल्यावर सेवक लोकांना परका वाटू नये. शिक्षक आणि त्याची पत्नी मिळून दिवसा मुलांची शाळा, रात्री मोठ्यांची शाळा आणि रविवारची उपासना चालवीत. १९३५ च्या सुमारास अशा खेड्यांतील शिक्षकांची संख्या दोन हजारांवर गेली होती. त्यांच्या जोडीला दवाखाने, छापखाना आणि सहकारी पतपेढ्याही होत्या. पतपेढीचे काम त्यांना दानाच्या शिकवणीपासून वेगळे वाटत नसे. सावकाराच्या फासात अडकलेला मनुष्य कारभारी कसा होणार? १९४१ पर्यंत या प्रांतातील ख्रिस्ती लोकांची संख्या सव्वादोन लाखांच्या घरात पोचली. बिशपसाहेब बैलगाडीने आणि सायकलवरून गावोगाव हिंडत राहिले.

त्यांचे गुणच सांगून थांबणे बरे नव्हे. ते फार कडक होते. निर्णय स्वतःच्या हातात ठेवण्याची त्यांना सवय होती आणि सहकाऱ्यांना ते पुष्कळदा जड जाई. माला आणि मादिगा यांच्यातील जुना दुरावा मंडळीत येऊनही पुरता गेला नाही. एकाच मंडळीत दोन बाजू राहिल्या, आणि त्यांच्या सर्व कडकपणालाही तो रोग बरा करता आला नाही. हेही त्या मंडळ्यांच्या खात्यावर लिहिलेले आहे.

बाहेरच्या जगातही त्यांचे स्थान मोठे होते. १९१९ साली तरंगमबाडी येथे मंडळ्यांच्या ऐक्याची जी मूळ सभा झाली तिच्यात ते पुढारी होते. १९२९ पासून १९४४ पर्यंत ते नॅशनल ख्रिश्चन कौन्सिलचे अध्यक्ष होते. ख्रिस्ती लोकांसाठी वेगळे मतदारसंघ त्यांना नको होते. धर्मांतराच्या प्रश्नावर महात्मा गांधींशी त्यांचा तीव्र मतभेद झाला. या सर्वांवर वेगळा लेख लिहिता येईल.

दोर्नाकलच्या कॅथीड्रलविषयी मात्र सांगायलाच हवे. त्याचे बांधकाम वर्षानुवर्षे चालले. पैसा येईल तसे काम पुढे जाई. बाहेरून एकदम मोठी रक्कम आणून ते चटकन उरकून टाकण्याची घाई बिशपसाहेबांनी केली नाही. इमारतीला घुमट आहेत, मिनार आहेत. हिंदू देवळांची आणि मुसलमानी इमारतींची घडण त्या मुलखात लोकांच्या डोळ्यांपुढे होती, तीच ख्रिस्ती उपासनेसाठी वापरली. ६ जानेवारी १९३९ रोजी, म्हणजे प्रभूच्या प्रकटीकरणाच्या सणाला, त्याचे समर्पण झाले, आणि त्याच सणाचे नाव त्यास दिले. ज्यांना गावच्या देवळाच्या पायरीशी उभे राहू दिले नव्हते, त्यांच्या मुलांबाळांनी त्या घुमटाखाली बसून गाणी म्हटली. आपल्या मुठीतील धान्य या भिंतींत गेले आहे हे त्यांना माहीत होते.

१ जानेवारी १९४५ रोजी बिशप अझरया दोर्नाकल येथे प्रभूकडे गेले. ज्या ऐक्यासाठी ते पंचवीस वर्षे झटले ते त्यांना पाहायला मिळाले नाही. २७ सप्टेंबर १९४७ रोजी चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले आणि दोर्नाकलच्या मंडळ्या त्यात सामील झाल्या. त्यांचे दानावरील ते लहानसे पुस्तक त्यांच्यामागे, १९५० नंतरच्या वर्षांत, परदेशातही पुन्हा छापले गेले. ज्या देशांतून दोर्नाकलला मदत येत असे, तेथील मंडळ्या आपल्या सभासदांना देणे शिकविण्यासाठी ते वाचू लागल्या.